शनिवारचे पट्टे

प्रायोगिक प्लाझ्मा भौतिकशास्त्रज्ञ हा मुळात प्लंबर असतो. हे मी चिडून म्हणत नाही, अनुभवाने म्हणतो. त्याची निम्मी उमेद एका नळीतली हवा बाहेर काढण्यात जाते आणि उरलेली निम्मी ती हवा परत कुठून आत शिरली हे शोधण्यात. मधूनच एखाद्या दुपारी सगळे सांधे शहाण्यासारखे वागतात. मग नळीत चिमूटभर आर्गॉन वायू सोडता येतो, त्यातून वीज गेली की तो जांभळट उजळतो, आणि त्या उजळलेल्या वायूला प्लाझ्मा म्हणतात. तेवढ्यात लाइट जातात.

पुण्याच्या प्रयोगशाळेत माझी सहा वर्षं अशी गेली. पीएच.डी.च्या प्रबंधाची पाचपैकी चार प्रकरणं लिहून झाली होती. पाचव्यासाठी मोजमापं हवी होती, मोजमापांसाठी सलग वीज हवी होती, आणि शिष्यवृत्ती संपली होती. अशात लग्न झालं. माझे मार्गदर्शक, ज्यांना मी नुसतं सर म्हणेन कारण दुसरं काही म्हणायची हिंमत आजही होत नाही, मला म्हणाले, "आता काय करणार?" मी म्हटलं, "बहरीनला चाललोय. एका तांत्रिक संस्थेत प्रयोगशाळा सांभाळायची आणि शिकवायची नोकरी आहे." सरांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आपल्या जाण्याचं त्यांना वाईट वाटतंय. मग त्यांनी विचारलं, "तिथे वीज असते का?"

"चोवीस तास, सर."

"मग नळी घेऊन जा."

नळी काचेची, चांगली चार फूट लांब. बायकोच्या साड्यांमध्ये गुंडाळून ती मी विमानात मांडीवर घेऊन बसलो. बहरीनच्या मुहर्रक विमानतळावर कस्टमच्या माणसाने एकेक साडी सोडली. शेवटच्या साडीतून काच निघाली तेव्हा तो जरा निराश झाल्यासारखा वाटला. "ट्यूबलाइट?" त्याने विचारलं. मी खरं काय ते सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात बायकोने मागून कोपर मारलं. मी "हो" म्हटलं. आपल्या देशात दिवे मिळत नाहीत असं या माणसाला वाटतं की काय, अशा नजरेने बघत त्याने "यल्ला, यल्ला" करून आम्हाला बाहेर काढलं. बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "लग्नातला शालू ठेवून आले मी. तुमच्या नळीला जागा हवी म्हणून." हे वाक्य पुढे बरीच वर्षं मला अधूनमधून ऐकायला मिळालं.

हे सत्तरच्या दशकाच्या शेवटाचं. आम्ही विमानतळाजवळ अरादला राहायला लागलो. डोक्यावरून विमानं जायची आणि खिडकीच्या गजांना खारा वारा खायचा. संस्थेत माझं काम सोपं होतं. अॅल्युमिनियमच्या कारखान्यात आणि रिफायनरीत जाणाऱ्या स्थानिक मुलांना मीटर कसा वाचायचा ते शिकवायचं. विभागप्रमुख इंग्रज होता, आधी जहाजांवर काम केलेला. त्याने मला सामानाच्या खोलीतला एक कोपरा आणि एक म्हातारा निर्वात पंप दिला. माझ्या नळीला तो मत्स्यालय म्हणायचा. कोणी बडा पाहुणा आला की त्याला ते जांभळं मत्स्यालय दाखवलं जाई आणि मी शेजारी टाय लावून उभा राही. पाहुणा विचारी, "याचा उपयोग काय?" प्रमुख माझ्याकडे बघे. मी म्हणे, "संशोधन चालू आहे." यापेक्षा खरं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

नळीला दोन्ही टोकांना धातूची झाकणं लागतात, आणि ती हवाबंद जोडणारा माणूस लागतो. असा माणूस मला मासळीबाजारात भेटला. एका बांगड्याच्या डोळ्यात बघत मी स्वतःशीच म्हटलं, "परवाचा दिसतोय." शेजारून आवाज आला, "परवाचा नाय, बुधवारचा. घेऊ नका." बघतो तर पांढरी टोपी घातलेला, पन्नाशीकडे झुकलेला गृहस्थ. दापोलीकडचा, मुसलमान, जहाजदुरुस्तीच्या यार्डात आर्गॉन वेल्डर. मी चिपळूणचा. दोघांनी मिळून त्या मासेवाल्याला मराठीत नावं ठेवली आणि आमची दोस्ती झाली. मी त्यांना चाचा म्हणायचो, ते मला साहेब.

आता यातली गंमत अशी, की आर्गॉन वेल्डिंगची ठिणगी म्हणजे शुद्ध प्लाझ्माच. हा माणूस रोज आठ तास प्लाझ्मा हातात धरत होता आणि त्याला त्याचं नावही माहीत नव्हतं. मला नाव, गाव, समीकरणं सगळं माहीत होतं, आणि सहा वर्षांत मिळून एका शिफ्टएवढाही प्लाझ्मा माझ्या वाट्याला आला नव्हता. हे मी त्यांना समजावून सांगितलं. चाचा शांतपणे म्हणाले, "मग तुम्ही यार्डात का नाय येत?"

झाकणं त्यांनी अशी जोडली की मला जरा लाजच वाटली. तरी उरलेल्या गळत्या मी शोधत राहिलो. त्याची पद्धत अशी: संशय असेल त्या सांध्यावर स्पिरिटचा थेंब सोडायचा. तिथे गळती असली तर थेंबाची वाफ आत जाते आणि नळीतल्या उजेडाचा रंग बदलतो. संस्थेतलं स्पिरिट प्रमुखाच्या कुलपात असे आणि घोटभर हवं असलं तरी वहीत सही करावी लागे, म्हणून मी बायकोच्या नेलपॉलिश काढायच्या बाटलीवर भागवलं. काम उत्तम झालं. बायकोच्या टेबलाशी माझ्या विज्ञानाचा हा पहिला संबंध.

तिकडे सुट्टी शुक्रवारी. ओळखीची मराठी कुटुंबं सकाळी गाड्या भरून झल्लाकच्या किनाऱ्यावर जायची. भेळ, पत्ते, पोरांचं डुंबणं. आम्हाला पहिले दोन-तीन महिने बोलावलं, मग कोणी बोलावेना, कारण शुक्रवारी संस्था रिकामी असायची आणि मी तिथे जाऊन नळी उघडायचो. नळीच्या आत केसाएवढी बारीक तार असते. तिने प्लाझ्माची नाडी बघतात. ती आठवडाभरात तापून वाकायची, ती सरळ करायला शुक्रवारशिवाय मोकळा दिवस नव्हता. बायकोने याबद्दल भांडण केलं नाही. तिने फक्त एक गोष्ट स्वतःकडे ठेवली. शुक्रवारी सकाळी मला स्टुलावर बसवून डोक्याला तेल. तेल तिचं स्वतःचं, घरी उकळलेलं, तिच्या आईच्या पद्धतीचं. चिपळूणहून येणाऱ्या प्रत्येकाच्या सामानातून त्याचा डबा यायचा. अर्धा तास ती माझं डोकं चोळायची आणि आठवडाभराचं सगळं बोलून घ्यायची. शुक्रवारातला तेवढाच अर्धा तास तिचा. मग आंघोळ करून मी पळायचो. शिकेकाई मी घाईघाईने लावायचो, हे कबूल करतो.

नळी उघडली की मी पांढरे हातमोजे घालायचो. आतल्या काचेला उघडं बोट लावायचं नाही, याबाबतीत आमच्या धंद्यात सोवळंओवळं फार कडक. तार सरळ करायची, मग एक डोळा मिटून, नळीच्या तोंडाशी कपाळ टेकून आत बघायचं, की बरोबर मधोमध आहे ना. मग रबराची चकती बसवायची, झाकण आवळायचं, पंप चालू करायचा आणि घरी यायचं. शनिवारी तास संपले की वीज सोडायची.

आता थोडं शास्त्र, पण लवकर संपवतो. नळीतला उजेड सलग दिसतो, पण तो सलग नसतो. त्यात उजेडाचे आणि अंधाराचे पट्टे असतात आणि ते इतक्या वेगाने धावतात की डोळ्याला एकच झोत दिसतो. माझा प्रबंध या धावत्या पट्ट्यांवर होता. आणि बहरीनला आल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात, गळत्या एकदाच्या बुजल्यावर, एका शनिवारी मी वीज सोडली, तर पट्टे धावेनात. थांबले. नळीभर, एकामागे एक, ताटात लावलेल्या बर्फीच्या वड्यांसारखे. मी खुर्चीवर बसलो. उठलो. परत बसलो. आर्गॉनमध्ये, इतक्या कमी दाबाला, ते तसे थांबायला नको होते. रविवारी ते थोडे थरथरले, सोमवारी सरकू लागले, बुधवारी पूर्ववत धावू लागले. पुढच्या शनिवारी पुन्हा थांबले. आणि त्याच्या पुढच्या शनिवारी.

निसर्गाचा एखादा नियम शनिवार पाळतो हे ऐकून कोणाही शहाण्या माणसाला संशय आला असता. मला आनंद झाला. शुक्रवारी संस्थेतले एसी बंद असतात, त्याने काच तापते, त्याने अमुक होतं आणि म्हणून तमुक होतं, अशी सात पानांची उपपत्ती मी समीकरणांसकट लिहून काढली. खोलीचं तापमान मोजलं, हवेतला दमटपणा मोजला, विजेचा दाब मोजला. बिचाऱ्या पंपाचं तेल दोनदा बदललं. तपासायचं राहिलं ते फक्त माझं स्वतःचं डोकं.

फोटो काढून सरांना पाठवले. सर स्तुतीच्या बाबतीत हातचं राखून असायचे. सहा वर्षांत त्यांच्याकडून मला मिळालेला सर्वांत मोठा शब्द "ठीक" हा होता. त्यांचं पत्र आलं: "फोटो दोनदा पाहिले. तुझ्या हातून असं काही होईल असं मला वाटलं नव्हतं. पुढच्या महिन्यात माझ्या निवृत्तीनिमित्त परिसंवाद आहे. त्यातलं शेवटचं भाषण मी तुझ्या या थांबलेल्या पट्ट्यांवर करणार आहे. हेच तुझं पाचवं प्रकरण. जूनअखेर प्रबंध दे, यापुढे विद्यापीठ मुदत वाढवणार नाही." पत्र वाचून मी बाथरूममध्ये जाऊन रडलो. बायकोला सांगितलं, डोळ्यात साबण गेला.

मग एका शुक्रवारी चाचांना बोलावलं. एका झाकणाचा सांधा मला अजून शुद्ध करून हवा होता. भाषणात माझं नाव येणार म्हटल्यावर सगळं चकचकीत पाहिजे. जुम्म्याची नमाज आटोपून ते आले तेव्हा मी नेहमीप्रमाणे एक डोळा मिटून नळीच्या तोंडाला कपाळ लावून उभा होतो. ते मागे उभे राहून बघत राहिले.

"साहेब, डोकं काढा वाईच."

मी डोकं काढलं. चाचांनी रबराच्या चकतीवरून अंगठा फिरवला, नाकाशी नेला, आणि माझ्याकडे असं बघितलं जसं त्या मासेवाल्याकडे बघितलं होतं.

"खोबरेल हाय हे. ब्राह्मीचा वास पण येतोय."

मी म्हटलं, "चाचा, मी हातमोजे घालतो."

"हाताला घालता. कपाळाला?" ते म्हणाले. "आमच्यात ड्युटीच्या दिवशी कोण डोक्याला तेल लावत नाय. घामाबरोबर एक थेंब जोडावर पडला ना, की आर्कमध्ये जळतो नि वेल्डला भोकं पडतात. यार्डात नवीन माणूस आला की पहिलं त्याचं डोकं हुंगतो मी."

सहा वर्षं माझ्या प्रयोगशाळेत कोणी कोणाचं डोकं हुंगलं नव्हतं. ही आमच्या शास्त्रातली मोठीच उणीव म्हणायची.

मी घरी गेलो आणि जे करू नये ते केलं. दारातूनच ओरडलो. तुझ्या तेलाने माझं वाटोळं केलं, सहा वर्षं पाण्यात घातलीस, इतकं सगळं. बायको भाजी निवडत होती. तेल नळीत कसं गेलं असं तिने विचारलं. मी कपाळ कसं टेकतो ते भिंतीला टेकून दाखवलं. "म्हणजे डोकं तुम्ही घातलंत," ती एवढंच म्हणाली आणि निवडायला लागली.

मनात अजून आशा होती की चाचा चुकले असतील. चकती, झाकण, काच, सगळं स्पिरिटने धुतलं; या वेळी वहीत सही करून. पुढच्या शुक्रवारी शाम्पूने केस धुऊन आणि वर टॉवेल बांधून नळी बंद केली. शनिवारी पट्टे धावत होते. त्याच्या पुढच्या शुक्रवारी मुद्दाम माझ्या कंगव्याला राहिलेलं तेल बोटावर घेऊन चकतीला लावलं. शनिवारी पट्टे थांबले. जगातल्या कुठल्याही प्रयोगाचा निकाल इतका स्वच्छ लागत नसेल. माझा शोध म्हणजे माझं कपाळ होतं.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट झाली. त्या शाम्पूच्या शुक्रवारी सकाळी मी उठलो तर स्टूल नव्हतं. ते स्वयंपाकघरात, त्यावर पिंप. तेलाचा डबाही दिसेना. नंतर कळलं की डबा तिने चाचांना देऊन टाकला होता.

भाषणाला आठ दिवस उरले होते. मी गप्प राहिलो असतो तर काय झालं असतं? काही नाही. पट्टे खरे होते, फोटो खरे होते. पुण्यात कोणी माझं कपाळ बघायला येणार नव्हतं. सरांची निवृत्ती थाटात झाली असती, पाचवं प्रकरण लिहून झालं असतं, मला पदवी मिळाली असती. सांगितलं तर सरांचं शेवटचं भाषण गेलं, प्रकरण गेलं, आणि जूनअखेर नोंदणी गेली. मग जन्मभर मत्स्यालयाशेजारी टाय लावून उभं राहायचं. मी हे चाचांपाशी बोललो. ते यार्डाच्या फाटकाबाहेर चहा पीत होते.

"आमचा वेल्ड एक्स-रेला जातो," ते म्हणाले. "आत भोक असलं की दिसतं. मग कापा नि परत मारा. तुमचं कोण बघतं?"

मी विचार केला. "तसं कोणी नाही."

"मग अवघड हाय तुमचं," चाचा म्हणाले आणि कप खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी मनामाला तारघरात गेलो. मजकूर लिहिला: स्ट्राइप्स ड्यू टु माय हेअर ऑइल. प्लीज विदड्रॉ. काउंटरवरच्या मल्याळी बाबूने तो दोनदा वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "हेअर ऑइल? बिझनेस है क्या?"

"नहीं," मी म्हटलं, "फिजिक्स."

त्याने शिक्का मारला. मी बाहेर येऊन गाडीत बसलो आणि किल्ली फिरवायचं सुचेना. हरलो होतो आणि भूक लागली होती, दोन्ही एकदम.

पुढचे दिवस वाईट गेले. सरांकडून काही येईना. परिसंवादाचा दिवस येऊन गेला. घरात बायको बोलायची, पण भाजी काय करू, पाणी आलं का, इतपतच. शुक्रवारचा तो अर्धा तास गेल्यावर मला कळलं की आठवडाभरात आम्ही एकमेकांशी बोलायचो ते तेवढंच होतं. मला तिच्या बोटांची फार आठवण यायची. पण ओरडलेला माणूस स्टूल तरी कुठल्या तोंडाने मागणार?

मग सरांचं कार्ड आलं. अक्षर नेहमीसारखं, मुंग्या चालल्यासारखं. "तार मिळाली. भाषण दुसऱ्या विषयावर केलं. तुझ्या तारेचं मात्र सभागृहात वाचन केलं. लोक हसले, मीही हसलो. आता रडत बसू नकोस. अशुद्धीने पट्टे थांबतात हे कळलं, किती अशुद्धीने थांबतात हे तुला माहीत आहे का? नाही. मग गाढवा, आता तेल मोजून घाल. पाचवं प्रकरण तेच. तेल तेच हवं, आणि त्यात काय काय आहे ते प्रबंधात लिही. जूनअखेर."

मी कार्ड घेऊन स्वयंपाकघरात गेलो. "चुकलं माझं," मी म्हटलं.

"कशाबद्दल?" तिने विचारलं. "ओरडलात त्याबद्दल, का झल्लाकबद्दल, का शालूबद्दल?"

"सगळ्याबद्दल."

तिने हात पुसून कार्ड वाचलं. "गाढवा" या शब्दाशी ती जरा थांबलीशी वाटली. "तेल संपलं," ती म्हणाली. "चाचांनी डबा दापोलीला घरी पाठवला. नवं करावं लागेल. खोबरेल मिळेल इथे. सुका आवळा मिळेल. ब्राह्मी आणि माका ओला हवा."

वाळवंटात माका कुठे मिळणार, असं मी म्हणालो. ती म्हणाली, "जिथे पाट असतो तिथे माका असतो." पुढच्या शुक्रवारी चाचा, ती आणि मी बुदैयाकडच्या मळ्यांत गेलो. खजुरांखाली पाण्याचे बारीक पाट वाहत होते. तिने चपला काढल्या, साडी वर खोचली आणि पाटाच्या कडेने वाकून चालू लागली. चाचांनी मळ्याच्या म्हाताऱ्याला अरबीत काहीतरी सांगितलं. तो आमच्याकडे बघून "मफी मुश्किल", म्हणजे काही अडचण नाही, असं म्हणाला आणि हसला. अर्ध्या तासात तिने माका शोधला. पांढरी इवली फुलं. मग ब्राह्मीही. हात चिखलाने भरलेले, कपाळावर घाम, आणि चेहरा असा की काय सांगू. शोध लागलेल्या माणसाचा चेहरा मी आरशात बघितलेला नाही, पण तो तसा असावा.

मी संस्थेतला काटा घरी आणला. तिने मूठभर काही टाकलं की मी म्हणायचो, "थांब, तोलू दे." ती म्हणायची, "अहो, अंदाजाने असतं ते." "अंदाज प्रबंधात चालत नाही." "मग माझ्या आईला विचारा." अशी भांडत भांडत आम्ही दोन बाटल्या तेल केलं. नंतर मी सुईच्या टोकावर मावेल इतकं तेल आधी एकदा, मग दुप्पट, मग तिप्पट असं नळीत घालत गेलो आणि पट्टे किती दिवस थांबतात ते लिहीत गेलो. प्रमुख येऊन विचारायचा, "आज माशांना काय घातलं?" शेवटी तिने स्वतःच्या अक्षरात तेलाचं साहित्य आणि कृती एका कागदावर लिहून दिली, आणि ती मी परिशिष्ट म्हणून जशीच्या तशी टाइप करून जोडली. प्रबंध मुदतीच्या चार दिवस आधी पोचला.

तोंडी परीक्षेला पुण्याला गेलो. सर निवृत्त झाले होते तरी मागच्या बाकावर येऊन बसले. परीक्षकांनी पानोपानी पेन्सिलीने चुका दाखवल्या, आणि बऱ्याच खऱ्या होत्या. परिशिष्टाच्या पानावर मात्र एकही खूण नव्हती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "हे तेल कोणत्या कंपनीचं?" मी म्हटलं, "घरचं." त्यांनी डायरी काढून ते पान पूर्ण उतरवून घेतलं. केस त्यांचे विरळच होते. सर बाहेर पडताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ठीक."

अरादला परत आलो तो दिवस गुरुवार होता. शुक्रवारी सकाळी स्टूल जागेवर होतं. मी बसलो आणि कापडी बांधणीतला प्रबंध तिच्या हातात दिला. तिने पाचही प्रकरणं एका बोटाने ओलांडली आणि शेवटचं पान काढलं. तेलाचं बोट कागदाला लागलं, ते मी लागू दिलं.

"छान छापलंय," ती म्हणाली. "मेथी नाहीये यात."

"तूच तर लिहून दिलंस."

"हो. मेथी लिहिली नाही मी. तुम्ही काटा परत ठेवायला गेलात तेव्हा घातली. ती शेवटी, गॅस बंद केल्यावर घालायची असते."

मी गर्रकन वळलो. "अगं, पण ते विज्ञान आहे! लोक उद्या तसं तेल करून प्रयोग करतील, त्यांचे पट्टे वेगळे येतील!"

"येऊ देत," ती म्हणाली. "सगळंच काय सांगायचं त्यांना? नळी तुमची, तेल माझं. डोकं पुढे करा."

चाचांचा तो प्रश्न मला आठवला, तुमचं कोण बघतं. तारघर शुक्रवारीही उघडं असतं हेही आठवलं. मी डोकं पुढे केलं. या वेळी तार केली नाही.